रायबंदरच्या जुन्या पुलावरून हौशी शर्यत भरवायची असेल तर

पणजीतून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाताना पाटो मागे पडला की पुढचे तीनेक किलोमीटर आपण एका पुलावरून जात असतो. रोज बसने जाणाऱ्यालाही हे सांगावं लागतं, कारण दिसायला तो साधा रस्ताच आहे. डावीकडे मांडवी, उजवीकडे खाजन (बांध घातलेली खाडीकाठची सखल जमीन), मिठागरं आणि खारफुटी, मधून चिऱ्यांच्या भिंतींवर उचललेली लांब पट्टी. कठड्यावरून वाकून पाहिलं की खालच्या कमानी दिसतात आणि भरती-ओहोटीचं पाणी त्यांतून आत-बाहेर करताना ऐकू येतं. लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्य पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये, हा पूल बांधला गेला. म्हणून त्याचं नाव पोंत द लिन्यारिश, म्हणजे लिन्यारिशचा पूल.

थंडीच्या दिवसांत एका रविवारी आम्ही या वाटेवर शर्यत भरवतो. शे-सव्वाशे माणसं धावतात. प्रायोजक, मंडप, पदकं यांतलं काही नसतं. थोडी वर्गणी, वाटेत पाणी, प्रत्येकाच्या वेळेची नोंद आणि शेवटी गरम पेज, एवढंच. इतर गावांतली मंडळी "तुम्ही हे जमवता कसं?" असं विचारू लागली, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे. अनुभव या एका वाटेचा आहे, तो आपल्या गावच्या वाटेला जुळवून घ्यावा लागेल. एक गोष्ट मात्र कुठेही गेलात तरी बदलत नाही: वाट ज्यांच्या दारावरून जाते त्यांना सगळ्यांच्या आधी विचारायचं. धावणाऱ्यांची नावं त्यानंतर घ्यायची.

आधी वाट चालून बघा

नकाशावर बोट फिरवून वाट ठरवू नका. ज्या वारी आणि ज्या वेळेला शर्यत असेल, त्याच वारी, त्याच वेळेला दोन-तीनदा चाला. आम्हाला सुरुवात पणजीतल्या जुन्या आदिलशाही वाड्यासमोरून करायची होती. इतिहासाच्या दृष्टीने जागा शोभून दिसली असती, कारण १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुनं गोवे सोडून याच वाड्यात राहायला आला. पण पहाटे तिथून चालत निघालो तेव्हा कळलं की वाडा आणि पूल यांच्यामध्ये मांडवीवरच्या पुलांचे चढ-उतार आणि बसस्थानकाची सगळी वाहतूक येते. शंभर माणसांना तिथून पळवत नेणं म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा सुरुवात पाटोच्या पुढे, पुलाच्या पणजीकडच्या तोंडाशी नेली.

शेवट जुन्या गोव्यात, गांधी सर्कलच्या अलीकडे. चर्चच्या हिरवळीवर शेवटची रेषा आखायचा विचारही करू नका. ती स्मारकं संरक्षित आहेत, १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे रविवारी सकाळी तिथे लोक प्रार्थनेला येतात.

अशी वाट साधारण नऊ किलोमीटरची होते. नऊ तर नऊ. आम्ही पहिल्या वर्षी दहाचा आकडा गाठण्यासाठी जुन्या गोव्याच्या गल्ल्यांमधून एक वळसा जोडला होता. पुढचे सात-आठ जण बरोबर गेले, मधले दोन ठिकाणी चुकले, आणि शेवटी कोण किती धावलं याचा हिशेबच लागेना. वाटेची लांबी वाटच ठरवते. दहा किलोमीटरची वेळ हवी असलेल्यांसाठी दुसऱ्या पुष्कळ शर्यती आहेत.

मोजणी

अंतर नऊच्या आसपास चालेल, पण ते नेमकं किती हे माहीत हवं. मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नका. दोन घड्याळं एकाच वाटेवर वेगवेगळे आकडे दाखवतात आणि मग बक्षिसापेक्षा त्यावरच वाद होतात. सायकलने मोजा. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे.

ज्या सकाळी मोजायचं त्याच सकाळी हवा भरा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर जमिनीच्या बाजूला आणा आणि तिथे खडूने खूण करा. मग सायकलवर बसून (चालत ढकलून नव्हे, कारण बसणाऱ्याच्या वजनाने टायर दबतो) सरळ रेषेत चाकाचे दहा फेरे पूर्ण करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. समजा ते २१ मीटर २० सेंटीमीटर आलं, तर एका फेऱ्याला २ मीटर १२ सेंटीमीटर. सायकलच्या मीटरमध्ये २१२० मिलिमीटर हा आकडा भरला की तो आता तुमचा मीटर झाला. वाट मोजताना धावणारा ज्या सर्वांत जवळच्या रेषेने जाईल तिथूनच सायकल न्या, रस्त्याच्या कडेपासून साधारण ३० सेंटीमीटर सोडून. वळणावर आतली बाजू धरा. दोनदा मोजा. दोन्ही आकड्यांत नऊ किलोमीटरला दहा-वीस मीटरपेक्षा जास्त फरक आला तर काहीतरी चुकलं आहे, तिसऱ्यांदा मोजा. ऊन चढलं की टायरमधली हवा फुगते, म्हणून सगळं सकाळीच उरका.

किलोमीटरच्या खुणा पुठ्ठ्यावर लिहून सुतळीने विजेच्या खांबांना बांधा. पुलाच्या कठड्यावर रंगाचा ठिपकासुद्धा पडता कामा नये. चिरा रंग पिऊन घेतो, तो नंतर निघत नाही, आणि हा कठडा आपला एकट्याचा नाही.

उजवी बाजू का

या एका मुद्द्यावर आम्ही सर्वांत जास्त बोललो आहोत. पणजीहून जुनं गोवे पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य वर आला की तो धावणाऱ्याच्या थेट डोळ्यांत येतो, आणि त्याच दिशेने मागून येणाऱ्या वाहनचालकाच्याही डोळ्यांत येतो. त्याला पुढची माणसं काळ्या सावल्यांसारखी दिसतात, कधी दिसतही नाहीत. याउलट जुन्या गोव्याकडून येणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो, त्याला समोरचं सगळं लख्ख दिसतं. तेव्हा समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, उजव्या कडेने, खाजनाच्या बाजूने धावायचं. धावणाऱ्याला गाडी दिसते आणि गाडीवाल्याला धावणारा.

आणखी एक फायदा पुढे रायबंदरात कळतो. चोडणची फेरीबोट लागते तो धक्का नदीच्या, म्हणजे डाव्या बाजूला आहे. बोट लागली की दुचाक्यांचा लोंढा एकदम बाहेर येतो. उजव्या बाजूने जाणारा त्यातून आपोआप वाचतो. तरीही धक्क्यासमोर दोन स्वयंसेवक हवेतच, आणि ते रायबंदरचे असलेले बरे. फेरीवरून उतरणारा माणूस ओळखीचा चेहरा दिसला की थांबतो.

वाहतूक पोलिसांनी दुसरी बाजू सांगितली तर त्यांचं ऐका. मात्र हे सूर्याचं कारण त्यांच्यासमोर आधी मांडा. आमच्या वेळी त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं.

दारोदार

रायबंदरात रस्ता अरुंद होतो आणि घरं अगदी रस्त्याला लागून येतात. बल्कांवावर (घरापुढच्या ओट्यावर) बसलेल्या माणसाचे पाय आणि धावणाऱ्याचा खांदा यांत दोन हातांचं अंतर उरतं. तिथले लोक सकाळी कचरा बाहेर ठेवतात, स्कूटर काढतात, पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा ऐकून उंडे (गोल पाव) घ्यायला दारात येतात. या सगळ्यात तुम्ही पाहुणे आहात.

शर्यतीच्या महिनाभर आधी आम्ही दोघे-दोघे मिळून घरोघर जातो. हातात छापील पत्रक असतं, कोकणी आणि मराठीत, पण बोलणं महत्त्वाचं. तारीख सांगायची, किती वाजता पहिला माणूस दारावरून जाईल आणि किती वाजता शेवटचा, ते सांगायचं, रस्ता बंद होणार नाही हे सांगायचं. आणि मग गप्प बसून ऐकायचं. कुणाच्या घरी आजारी माणूस असतो, कुणाला त्याच सकाळी विमानतळ गाठायचा असतो. एका घरातून सांगितलं की शिट्ट्या आणि टाळ्या नकोत, आमचं तान्हं बाळ तेव्हाच झोपतं. तेव्हापासून त्या वळणावर आम्ही आवाज करत नाही. चर्चमध्ये फादरना भेटून मिसाच्या वेळा विचारा, देवळाच्या समितीला भेटा, फेरीच्या धक्क्यावरच्या चहावाल्यालाही भेटा. त्याच्याएवढी त्या रस्त्याची माहिती कुणालाच नसते.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट आहे. पाण्याचं टेबल लावायला मी रायबंदरात पोचलो, तर एका घराच्या पायरीवर घासूनपुसून लख्ख केलेली पितळी कळशी, तिच्यावर झाकण, झाकणावर उपडे ठेवलेले चार पेले. वर बल्कांवावर शाल पांघरून एक आजी. पत्रक द्यायला गेलो तेव्हा त्यांनी दार अर्धंच उघडलं होतं, एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी मात्र धापा टाकत आलेल्या प्रत्येकाला थांबवून म्हणत होत्या, "उदक पी पुता, मागीर धांव." दोन-तीन जणांनी वेळेचा विचार न करता खरंच थांबून पाणी प्यायलं. आता आमच्या नकाशावर ती पायरी पाण्याची जागा म्हणून लिहिलेली असते.

परवानग्या

खासगी हौशी कार्यक्रम आहे म्हणून कागद लागत नाहीत असं समजू नका. निदान दोन महिने आधी लेखी अर्ज द्या: उत्तर गोवा जिल्हाधिकारी कार्यालय, वाहतूक पोलीस, पणजी महानगरपालिका (रायबंदर महापालिकेच्या हद्दीत येतं), आणि से-जुने गोवे ग्रामपंचायत. शेवट स्मारकांच्या जवळ असल्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणालाही कळवा. अर्जाला वाटेचा नकाशा, धावणाऱ्यांची कमाल संख्या आणि जबाबदार दोन माणसांचे फोन जोडा. संख्या वाढवून लिहू नका. सव्वाशे लिहिले तर सव्वाशेच घ्यायचे, ओळखीचा माणूस आदल्या रात्री गळ घालत आला तरी.

ध्वनिक्षेपक आम्ही लावतच नाही. नियमाने सकाळी सहापर्यंत तो लावता येत नाही, आणि नंतरही पुलावर त्याची गरज पडत नाही. एक शिट्टी पुरते.

दिवस आणि वेळ

जून ते सप्टेंबर सोडा. ऑक्टोबरात उकाडा असतो. नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्यात नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्या दिवसांत याच वाटेवरून भाविक पहाटेपासून चालत जातात, तेव्हा ही वाट त्यांची. १९ डिसेंबर मुक्तिदिन. नाताळ आणि नववर्षात रस्ता पर्यटकांनी भरलेला. उरतो जानेवारीचा मधला काळ ते फेब्रुवारीची सुरुवात, आणि हवा तेव्हाच सर्वांत चांगली असते.

जानेवारीत इथे सूर्योदय सातच्या थोडा नंतर होतो. आम्ही सहा चाळीसला सोडतो. तेव्हा रस्ता दिसण्याइतकं फटफटलेलं असतं, आणि ऊन खऱ्या अर्थाने चढायच्या आत मधली फळी रायबंदरच्या घरांच्या सावलीत पोचते. पुलावर सावली नाही, हे विसरू नका.

पाणी आणि तब्येत

गोव्यात थंडीतही हवा दमट असते, घाम सुकत नाही. नऊ किलोमीटरला पाण्याच्या तीन जागा ठेवा: पूल संपतो तिथे, रायबंदरच्या मध्यावर, आणि सांव पेद्रच्या पुढे. पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या जागी सारखं पाणी ठेवलं होतं. शेवटच्या जागेचं पाणी मागचे तीस जण यायच्या आत संपलं, आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांनाच ते मिळालं नाही. आता शेवटच्या जागी दुप्पट ठेवतो आणि त्यातला निम्मा साठा टेबलाखाली झाकून ठेवतो, मागच्यांसाठी. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेले नकोत. स्टीलचे पेले आणि धुवायला बादली ठेवा. पुलावर वाऱ्याने उडालेली प्रत्येक वस्तू थेट खारफुटीत जाऊन अडकते, तिथून ती कुणी काढत नाही.

साध्या पाण्याबरोबर मीठ-साखरेचं पाणी ठेवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका. आणि तहान लागेल तेवढंच प्यायला सांगा. ढोसाढोस पाणी प्याल्यानेही रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस आजारी पडतो.

धावताना कुणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापलेलं लागलं, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात होतो आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बगलेत आणि जांघेत बर्फ ठेवा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. छातीत दुखत असेल तर "थोडं बसू, बरं वाटेल" असं म्हणत वेळ घालवू नका, तोच फोन. गोवा मेडिकल कॉलेज बांबोळीला आहे, तिथे जायचा रस्ता प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक हवा. प्रत्येक धावणाऱ्याच्या छातीवरच्या क्रमांकाच्या मागे त्याचं नाव, रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन त्याच्याच हाताने लिहून घ्या.

शर्यतीची सकाळ

साडेपाचला टेबलं, सहाला क्रमांक वाटप. पिशव्या एका पिकअपमध्ये भरून जुन्या गोव्याला पाठवायच्या, पिशवीलाही तोच क्रमांक. पिशवीत अंगभर कपडे ठेवायला आधीच सांगा. नंतर बासिलिकेत जायचं असेल तर आखूड चड्डीवर जाणं बरं नव्हे.

सोडण्याआधी दोन मिनिटांत तीनच गोष्टी सांगा: उजवी कड, कानात गाणी नकोत, फेरीच्या धक्क्यावर स्वयंसेवकाने हात दाखवला की थांबायचं, मग पहिला असो की शेवटचा. सगळ्यात मागे एक सायकलस्वार ठेवा. तो कुणालाही ओलांडत नाही. तो शेवटच्या रेषेवर आला म्हणजे वाट रिकामी झाली हे सगळ्यांना कळतं.

वेळ नोंदवायला यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याचे छोटे तुकडे करून त्यांवर १ ते १२५ आकडे घाला आणि क्रमाने सुतळीत ओवा. शेवटच्या रेषेवर एक जण फोनवरचं स्टॉपवॉच धरतो आणि छाती रेषेवरून गेली की बटण दाबतो. दुसरा त्याच क्रमाने सुतळीतला एकेक तुकडा काढून धावणाऱ्याच्या हातात देतो. चार पावलं पुढे तिसरा वही घेऊन बसतो आणि तुकड्यावरच्या आकड्यासमोर नाव लिहितो. फोनमधली सतरावी वेळ आणि वहीतलं सतरावं नाव जुळलं की झालं. घोळ व्हायचा तो गर्दी झाली की होतो, म्हणून रेषेनंतर दोन दोऱ्या ताणून अरुंद वाट करा. माणसं एकामागोमाग एकच पुढे सरकली पाहिजेत.

नंतर पेज, मिसकूट (कैरीचं लोणचं) आणि ज्यांना हवं त्यांना उंडो-पातळभाजी. परतीला गांधी सर्कलजवळून पणजीच्या बसेस सतत मिळतात.

वाट कुणाची हे सांगायचं कधी

धावताना कुणी फलक वाचत नाही. आम्ही दोन वर्षं फलक लावून पाहिले. आता आदल्या संध्याकाळी, ओहोटीच्या वेळेला, पुलावरून सगळ्यांना चालत नेतो. पाणी खाली गेलं की कमानी उघड्या पडतात, चिऱ्यांवर चिकटलेली कालवं दिसतात, आणि या चिऱ्यांनी जवळजवळ चारशे वर्षं काय पेललं ते डोळ्यांना कळतं. तिथे उभं राहून सांगतो की पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवे घेतलं, १५३० मध्ये जुनं गोवे पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या राज्याची राजधानी झालं, पुढे रोगराईने ते ओस पडत गेलं आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी ठरली. म्हणजे आपण धावतो ती दिशा उलटी आहे. राजधानी ज्या वाटेने पणजीला आली, त्याच वाटेने आपण परत तिच्या जुन्या जागी जातो.

नदीच्या वरच्या अंगाला, दिवाडीपलीकडे, जुवें बेट आहे. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने ते रातोरात घेतलं आणि जुन्या गोव्यात घबराट उडाली. मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यातल्या पुष्कळांनी हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण ते बेट इथून इतकं जवळ आहे हे पुलावर उभं राहिल्यावरच कळतं. वडीलधारे मग १९८६ च्या पावसाळ्याची आठवण काढतात. मांडवीवरचा तेव्हाचा नवा पूल कोसळला होता आणि नदी ओलांडायला पुन्हा फेरीबोटीच उरल्या होत्या. अशा आठवणी निघू लागल्या की मी माझं टिपण खिशात घालतो.

आवराआवर

शेवटचा सायकलस्वार जुन्या गोव्याला पोचला की चार जण लगेच सायकलने उलटे निघतात. खांबांवरचे पुठ्ठे काढायचे, आणि पुठ्ठा काढला की सुतळीही सोडवायची. ती तशीच राहिली तर बगळ्यांच्या पायात अडकते. कडेचा कचरा उचलायचा, आपला असो वा नसो. टेबलं ज्या घरांतून आणली तिथे पुसून परत करायची. वेळांची यादी त्याच दुपारी हाताने लिहून फेरीच्या चहावाल्याकडे लावायची. रायबंदरचे लोक ती वाचतात आणि आपल्या वाड्यावरचं कोण कितवं आलं ते शोधतात. पितळी कळशी मात्र आम्ही उचलत नाही, आजी ती स्वतःच आत नेतात. आम्ही फक्त पेले धुऊन पायरीवर उपडे ठेवतो.